फेरमोजणी

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये टेबलं मांडलीत,
जाळ्या गुंडाळून कोपऱ्यात.
पलीकडच्या तलावाचा क्लोरीन
मतपत्रिकांनाही लागलाय.
आम्ही बाराजणी, निम्म्या बंद पडलेल्या बँकेतल्या.
ऑर्मस्टनमधली शेवटची बँक गेली,
तिथे आता नखं रंगवून मिळतात.
बोटं मात्र आमच्याकडेच राहिली,
रबरी टोपणांसकट.
पंचवीसचा गठ्ठा आडवा. पुढचा उभा.

डेस्मंड ऑली, एकोणीस वर्षं नगरसेवक.
धक्क्याच्या तोंडाशी त्याचं खेळांचं दुकान:
नाणं टाकलं की लोखंडी पंजा खाली येतो,
कापडी अस्वलाला कुरवाळतो
आणि सोडून देतो.
समोर ग्वेन्डा पर्किस.
तिचा जाहीरनामा एका ओळीचा,
किनाऱ्यावरची संडासं उघडा.
साठीच्या पुढचं गाव आहे हे, ती दारोदार सांगत फिरली,
इथे समुद्र बघायलासुद्धा
अंतर मोजून निघावं लागतं.
लोक हसले. मग दार थोडं लोटून घेत
हळूच म्हणाले, खरंय.

रात्री दोनला सहाशे अकरा.
आणि सहाशे अकरा.
पुन्हा मोजा.
चहा आला, कोमट, कागदी कपांत.
पुन्हा मोजलं.
सहाशे अकरा, सहाशे अकरा.

मग संशयित मतांचा ट्रे.
कुणी दोन्ही चौकटींत फुल्या मारलेल्या,
कुणी सीगल काढलेला, चोचीत बटाट्याचा काप,
इतका हुबेहूब की अधिकारीबाईंनी
चष्मा वर करून परत पाहिला.
बाद.
आणि एक. चौकटी कोऱ्या,
खाली निळ्या शाईत, सरळ ओळीत:
बाकावरची पाटी परत लावा. मग बघू.

सगळे वाकले. हे कुणाच्या पदरात टाकायचं?
ऑलीचा माणूस म्हणाला,
पाट्या काढल्या त्या रंगकामासाठी, म्हणजे तेव्हा...
आणि तिथेच थांबला.
बाद.

मी ते अक्षर ओळखलं.
बावीस वर्षं त्या अक्षरातले चेक वठवलेत मी.
प्रत्येक शब्दाची शेपटी अशी ओढलेली
की वाटावं खात्यात अजून थोडं शिल्लक आहे.
शेवटचा चेक पाटी कोरणाऱ्याच्या नावे होता.
अक्षरामागे पैसे घेतात ना, मी विचारलं होतं.
हो, मिस्टर थर्लो म्हणाले,
पण मधलं नाव गाळलं ते पैशांसाठी नाही.
तिला आवडायचं नाही ते.

हे बोलायचं नसतं.
मोजताना माणूस ओळखू आला
तर अंगठ्याखाली दाबायचा
आणि पुढचा कागद उचलायचा.
मी उचलला.

चिठ्ठ्यांसाठी आइस्क्रीमचा डबा आणला,
तो निघाला ऑलीच्याच दुकानातला.
यावर पाच मिनिटं वाद.
मग कुणीतरी शटलकॉकची रिकामी नळी शोधली.
अधिकारीबाईंचा हात आत जाईना,
नळी उलटी करून हलवावी लागली.
आधी एक पीस पडलं.
मग चिठ्ठी.
ऑली.

त्याने हात वर केला नाही.
पंज्यातून सुटलेल्या अस्वलाकडे पोरं बघतात
तसा तो त्या कागदाकडे बघत राहिला,
जिंकूनसुद्धा.
ग्वेन्डाने त्याची बाही धरली.
उघडशील ना रे?
तो काहीतरी म्हणाला. पंखा चालू होता.

पाच वाजता मी किनाऱ्याने घरी निघाले.
ओहोटी. चिखलात एक बूट.
संडासांच्या दाराला अजून साखळी,
तिच्यात अडकलेलं ग्वेन्डाचं पत्रक, ओलं.
तिसऱ्या दिव्याखालचा बाक
नव्या निळ्या रंगात, खारा, गार.
पाठीवर स्क्रूंची भोकं होती,
रंगाने अर्धी बुजलेली.
चार.
बोटाने चाचपून पुन्हा मोजली.
चार.